अष्टपैलूंचा पगार कोण देतं?

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो तेव्हा आबांनी एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. आबा म्हणजे आमच्या वाडीतले जुने दशावतारी, कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतार या लोकनाट्यातले नट. नातं काही नाही, पण अख्खी वाडी त्यांना आबाच म्हणते. सत्तरी गाठलेली, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून तीन शेतं ओलांडून जाईल असा. एक संस्था वृद्ध कलावंतांना मदत करणार होती, तिचा तो फॉर्म. नाव, पत्ता, आधार, पासबुक इथपर्यंत गाडी सरळ गेली. मग ‘कलाप्रकार’ आला. गायन, वादन, अभिनय, नृत्य, इतर. एकावरच खूण करा.

आबांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, ‘‘ह्यात काय लिवू रे? माका सगळाच येता.’’

यात बढाई नव्हती. मी लहानपणापासून बघत आलोय. जत्रेच्या रात्री टेम्पोतून पेटारे उतरवायला आबा. देवळाच्या कडेला चादर अंथरून, हातातल्या आरशात बघत स्वतःचा रंग स्वतः लावणार. मालक आख्यान कुठलं ते सांगणार आणि कामं वाटून देणार. तू राजा, तू राक्षस, तू नारद. संवाद कुठे लिहिलेले नसतात. पुराण डोक्यात, शब्द तोंडात आणि समोरचा काय बोलेल त्यावर आपलं पुढचं वाक्य. सामान म्हणजे एक बाकडं, तेच सिंहासन. पद गायचं आपणच, युद्धाला गिरक्या घ्यायच्या आपणच. आबा तरुणपणी स्त्रीपार्टी करायचे, मग राजपार्टीला आले, कंबर धरायला लागल्यावर पायपेटीवर बसले. पखवाजवाला आला नाही तर पखवाज. नवख्या पोराला लुगडं नेसवायला तेच आणि मुकुटाचा निघालेला आरसा चिकटवायला तेच. पहाटे दहिकाला झाला की घरी येऊन दोन तास झोप, मग काजूच्या बागेत.

आम्ही ‘इतर’वर खूण केली. पंधरा दिवसांनी फोन आला की ‘इतर’ म्हणजे नेमकं काय ते कळवा, नाहीतर वरच्यांपैकी एक निवडा.

त्या फोनवरच्या मुलीचा काही दोष नाही. तिच्यापुढच्या तक्त्यात रकाना एकच होता. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपण मराठी माणसं ‘अष्टपैलू’ हा शब्द किती सढळ हाताने वाटतो, आणि त्या आठांपैकी किती पैलूंचे पैसे देतो?

आबांचं सोडा, मोठमोठ्यांचंही तेच झालंय. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार बालगंधर्वांना १९५५ साली मिळाला, तो अभिनयासाठी. ज्यांचं एकेक पद सात-सात वेळा ‘वन्समोअर’ घ्यायचं, ते अकादमीच्या यादीत नट. वसंतराव देशपांड्यांना १९८२ साली मिळाला, तो हिंदुस्थानी कंठसंगीतासाठी. ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकातले खाँसाहेब आफताब हुसेन ज्यांनी उभे केले, ते यादीत फक्त गायक. वसंतराव तबलाही उत्तम वाजवायचे, आणि लहानपणी भालजी पेंढारकरांच्या सिनेमात कृष्ण झाले होते. दोन्ही पुरस्कार योग्यच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण यादी करायची म्हटली की माणूस मधोमध कापावा लागतो, आणि कापल्यावर उरलेल्या अर्ध्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

माझं म्हणणं असं. अष्टपैलूपण ही उपजत देणगी आहे अशी आपली समजूत आहे. काही अंशी असेलही. पण मराठी रंगभूमीवरचे जे जे अष्टपैलू आपण मखरात बसवलेत, त्यांच्या मागे कोणीतरी महिन्याच्या महिन्याला पगार देणारं होतं. तो पगार देणारा गेला, आणि कौतुकाचा शब्द तेवढा मागे राहिला.

आधी नाटक मंडळ्यांचं बघू. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ लावलं तेव्हा लिहिणारे तेच, बसवणारे तेच आणि सूत्रधारही तेच. पुढे जी मंडळी उभी राहिली ती म्हणजे फिरतं बिऱ्हाड होतं. पोरगा दहाबारा वर्षांचा आत यायचा. जेवण कंपनीचं, राहणं कंपनीचं, तालीम कंपनीची. सकाळी गाण्याची, दुपारी नकलेची. मोठ्या नटाला पाणी देता देता तो गाण्यातली जागा कशी घेतो ते कानावर पडायचं. त्या मंडळ्या म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणणार नाही. मालकाची मर्जी, पोरांचे हाल, कर्जाचे डोंगर सगळं होतं. पण एका माणसाला गाणं, नक्कल, पेटी आणि चाल या चारही गोष्टी शिकायला वेळ मिळायचा, कारण तेवढ्या वेळात त्याच्या पोटाची काळजी दुसरं कोणीतरी करत होतं.

गोविंदराव टेंबे हे यातलं माझं लाडकं उदाहरण. माणूस मूळचा पेटीवाला. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसणारा. १९११ साली ‘मानापमान’ला चाली दिल्या आणि नाट्यसंगीताचं वळणच बदललं. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. बाहेर पडून स्वतःची शिवराज मंडळी काढली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र झाले आणि त्याचं संगीतही केलं. वर उत्तम गद्य लिहिलं. आजच्या फॉर्ममध्ये टेंब्यांनी कुठे खूण केली असती? जाता जाता हेही सांगितलं पाहिजे की १९४० साली आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली आणि ती उठायला १९७१ उजाडलं. टेंबे १९५५ साली गेले. म्हणजे अखेरची पंधरा वर्षं त्यांचं मुख्य वाद्य देशाच्या रेडिओवर अस्पृश्य होतं. एकाच वाद्यावर पोट असलेल्या पेटीवाल्यांनी तेव्हा काय केलं असेल?

बोलपट आले आणि मंडळ्या मोडल्या. मास्टर कृष्णराव गंधर्व मंडळीतून ‘प्रभात’ फिल्म कंपनीत गेले आणि तिथे संगीतकार म्हणून उभे राहिले, प्रभातही पगारीच होती. सगळ्यांना अशी दारं उघडली नाहीत.

मग दुसरा पगार देणारा आला, आणि त्याच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. तो म्हणजे कचेरी. वसंतराव पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. नोकरी सोडली ती चाळिशी उलटल्यावर, आणि ‘कट्यार’ आलं १९६७ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. तोवर घर चाललं ते सरकारी पगारावर. रामदास कामत एअर इंडियात. जितेंद्र अभिषेकी काही काळ आकाशवाणीत. पु. ल. देशपांडे शाळेत, कॉलेजात, आकाशवाणीत, दूरदर्शनमध्ये. ‘गुळाचा गणपती’ या सिनेमाला ‘सबकुछ पु. ल.’ म्हणायचं आणि या सबकुछमध्ये नोकरीही होती हे विसरायचं, असं आपलं चालतं. निळू फुले लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि संध्याकाळी सेवादलाच्या कलापथकात. दादा कोंडके अपना बाजारात. प्रशांत दामले, ज्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला, गाणारा नट म्हणून ज्यांना तीन पिढ्या ओळखतात, त्यांची सुरुवातही बेस्टच्या नोकरीतली.

ही नोकरी म्हणजे कलेच्या मार्गातली धोंड, असं चरित्रांत लिहिलेलं असतं. दिवसभर फायली आणि रात्री तानपुरा, बिचारा. मला उलट वाटतं. पहिल्या तारखेला पैसे येणार हे ठाऊक असलं की माणूस आपल्या गाण्यात नक्कल आणून बघतो, नकलेत तबला आणून बघतो, चुकतो, हसं करून घेतो आणि परत बघतो. ज्याला उद्याचा शिधा आजच्या प्रयोगातून काढायचा असतो तो जे चालतंय तेच करतो. हेडक्लार्कने डोळेझाक करून दिलेल्या अर्ध्या रजांचं मराठी संगीतावर केवढं ऋण आहे, याचा कोणीतरी एकदा हिशेब मांडावा.

पण ही सोय कोणाची झाली? लिहिता-वाचता येणाऱ्यांची, शहरातल्यांची आणि बहुतकरून पुरुषांची. तमाशातल्या बाईला हिशेबखात्यात कोण घेणार होतं? तिच्या वाट्याला पगाराऐवजी आली ‘उचल’. हंगाम सुरू होण्याआधी फडमालकाकडून रक्कम घ्यायची आणि मग हंगामभर ती फेडत नाचायचं. पगारात काम आधी आणि पैसे मागून, उचलीत पैसे आधी आणि माणूस गहाण. अष्टपैलू तीही असते. गण-गवळणीत नाचते, लावणी गाते, बतावणीत सोंगाड्याला उलटून बोलते, वगात राणी होते. फक्त तिला नाही म्हणायची सोय नसते.

विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पोट नऊ महिन्यांचं, ऐन रंगात कळा आल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर येऊन उभ्या राहिल्या. व्याख्यानांतून ही गोष्ट कलानिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात, टाळ्या पडतात. मला ती ऐकली की दुसरंच दिसतं. बाळंतपणाची एक रात्रही जिच्या हिशेबात बसत नव्हती अशी एक कामकरी बाई. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरवलं गेलं, १९५७ आणि १९९० साली. २००२ साली गेल्या, शेवटचे दिवस ओढगस्तीत काढून. आता त्यांच्या नावाने सरकार दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं.

आजचं चित्र काय? कचेऱ्यांमधली ती भरती आटली, आकाशवाणीतलीही. उरली ‘नाईट’. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. आणि नाईटच्या बाजारात अष्टपैलूपणाला वेगळाच अर्थ आलाय. नाटकाचा दौरा निघतो तेव्हा बसमध्ये जागा मोजलेल्या असतात. ऑर्गन, तबला, व्हायोलिन असे तीन वादक नेण्यापेक्षा एक कीबोर्डवाला नेला की दोन जागा, दोन जेवणं, दोन नाईटी वाचतात. त्याहून स्वस्त म्हणजे रेकॉर्ड केलेला ट्रॅक आणि लॅपटॉपवर म्युझिक ऑपरेट करणारा एक मुलगा. तो मुलगा दुसऱ्या अंकात पोस्टमनही होतो. येता-जाता सामान चढवतो. मग निर्माता स्टेजवरून त्याची ओळख करून देतो, ‘‘आमचा हा अष्टपैलू कलाकार!’’ वाचलेली नाईट कुठे गेली ते विचारायचं नसतं. निर्मात्याचंही खरं आहे म्हणा. थिएटरचं भाडं, जाहिरात, बस, डिझेल सगळं देऊन त्याच्या हातात तरी काय राहतं? पण तोटा वाटून घ्यायची वेळ येते तेव्हा तो दरवेळी तीन कामं करणाऱ्याच्याच पाकिटातून का वाटला जातो?

पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची रंगभूमी मला या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटते. दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या वडशाच्या आसपास जे नाटकांचं पीक येतं, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या रात्री गावोगाव जे प्रयोग लागतात, तिथे अजून जिवंत ऑर्गन-तबला असतो, प्रॉम्प्टर असतो आणि नटाला गाता येतंय का हे आधी विचारतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येक नाटकवाल्यांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तिथेही हंगाम संपला की कलावंत शेतावर नाहीतर मजुरीवर असतो. पण हंगामात कोणाचं काम काय आणि त्याचे किती, हे त्या बाजाराला ठाऊक असतं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. सगळं करणाऱ्याचं काहीच खोल जात नाही. रियाज मागणारी विद्या सवतीला जागा देत नाही. वसंतरावांकडेही बरेच दिवस काही जाणकार ‘नाटकातला गाणारा’ म्हणूनच बघत होते. मी स्वतः हौशी मंडळात तबला वाजवतो आणि गरज पडली की हवालदार होतो. माझा तबला हवालदारापायी सुधारला असं मला शपथेवर सांगता येणार नाही. रात्र रात्र उघड्यावर ओरडून गळा बसलेले चांगले गवई मी पाहिलेत. तेव्हा सगळ्यांनी सगळं करावं असा माझा आग्रह मुळीच नाही. ज्याला फक्त सारंगी वाजवायची आहे त्याने जन्मभर सारंगीच वाजवावी.

पण ‘कट्यार’मधले खाँसाहेब निव्वळ गवयाला जमले नसते आणि निव्वळ नटालाही नाही. गाता गाता अहंकार कुठे फुगतो आणि कुठे फुटतो हे सुरातूनच दाखवायचं होतं. दोन विद्यांच्या सांध्यावरची ती तिसरीच विद्या आहे, आणि तिलाही रियाज लागतो. दशावतारातल्या राजाला पद संपता संपता भाषण कुठे उचलायचं हे पखवाजाच्या बोलावरून कळतं. आबांना ते कळायला वीस वर्षं लागली असतील. ती वीस वर्षं कुठल्या रकान्यात मोजायची?

करायचं काय, तर सुरुवात कागदापासून. आपला कॉपीराइट कायदा या बाबतीत आपल्याहून उदार आहे. त्यातली ‘सादरकर्त्या’ची व्याख्या वाचताना मजा येते. नट, गायक, वादक, नर्तक यांच्या पंक्तीला कसरतवाला, चेंडू झेलणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यातासुद्धा बसवलाय. सादर करणारा तो सादरकर्ता, मग काहीही सादर करो. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास सादरकर्त्याला रॉयल्टीचा वाटाही ठरवून दिला. पण त्याच कायद्यात एक खुट्टी आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीतसुद्धा येत नाही, तो बहुतेक बाबतीत सादरकर्ता धरला जात नाही. म्हणजे नाव छापणं ही केवळ मानाची बाब राहत नाही. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत तबलजीचं नाव शेवटच्या ओळीत येतं आणि जागा कमी पडली तर तीच ओळ आधी उडते. दशावताराच्या जुन्या फलकांवर तर मंडळाचं आणि मालकाचं नाव, बस्स. चाळीस वर्षं काम केल्याचा पुरावा आणा म्हटल्यावर आबांनी काय आणायचं? पेटारा?

सरकार काहीच करत नाही असं नाही. ज्येष्ठ कलावंतांचं मानधन २०२४ पासून महिना पाच हजार झालंय, आधी वर्गवारीने त्याहून बरंच कमी मिळायचं. चांगलं झालं. व्यावसायिक नाटकांना प्रयोगागणिक अनुदान आहे, तेही असावं. पण एक मदत म्हातारपणी मिळते आणि दुसरी निर्मात्याला. पंचवीस ते पन्नास या वयात, जेव्हा माणूस दोन-तीन विद्या एकमेकींत मुरवत असतो, तेव्हा त्याच्यासाठी काही नाही.

शेजारी कर्नाटकात १९८९ साली बी. व्ही. कारंतांनी म्हैसूरला ‘रंगायण’ उभं केलं. (विजया मेहतांचं मुंबईतलं ‘रंगायन’ वेगळं, घोळ नको.) कारंत पोरवयात गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत वाढलेले, त्यामुळे कंपनीचा भात खाल्ल्यावर नट कसा तयार होतो ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. सरकारच्या पैशाने त्यांनी तरुण मुलंमुली पगारावर घेतली, आणि त्यांनी गायचं, वाजवायचं, नट व्हायचं असं सगळं एकाच अंगणात. पुढे पगारी कलावंत सुस्तावतात, नेमणुकांत राजकारण शिरतं, ही टीकाही झाली आणि ती उगाच नव्हती. तरीही महाराष्ट्रात, जिथे नाटक मंडळ्यांचा एवढा मोठा वारसा आम्ही मिरवतो, तिथे सरकारने अशी कायमची पगारी मंडळी उभी केली नाही. सिंधुदुर्गात एक, झाडीपट्टीत एक, नारायणगावच्या बाजूला एक, वीस-वीस माणसांची. शाळांतून शिकवायची अट घाला, हवं तर दहा वर्षांनी माणसं बदला. एखाद्या महोत्सवाच्या मांडवाला जो खर्च होतो त्याच्याशी तुलना करून बघावी.

सरकारला इतकं सुनावल्यावर स्वतःच्या घरातलंही सांगायला हवं. आमच्या हौशी मंडळाने गेल्या वर्षी संगीत नाटक केलं. आमचा ऑर्गनवाला मुलगा पहिल्या अंकात ऑर्गनवर होता, दुसऱ्यात शिष्य झाला आणि दोन पदांच्या चाली बसत नव्हत्या त्याही त्यानेच बसवून दिल्या. प्रयोगानंतर त्याला पाकीट एकच मिळालं, ऑर्गनचं. खजिनदार मीच होतो. मला ते खटकलंही नाही, उलट मनोगतात मी त्याला अष्टपैलू म्हटलं आणि तो लाजला.

आबांचा फॉर्म भरून आल्यावर यंदाच्या बैठकीत मी तीन पाकिटांचा विषय काढला. पाऊण तास चर्चा झाली. एक जण म्हणाला, असं सुरू केलं तर उद्या पडदा ओढणाराही दोन मागेल. दुसरी म्हणाली, मागू दे की, दोन कामं करत असेल तर. आमच्यातले सगळ्यात जुने काका म्हणाले, अरे तो आवडीने करतो, पैशाने त्याची गोडी जाईल. मुलगा कोपऱ्यात बसून चहा ओतत होता. त्याला कोणी विचारलं नाही, मीही नाही. शेवटी दोन पाकिटांवर तडजोड झाली, ऑर्गन आणि शिष्य. चालींचा विषय पुढच्या बैठकीवर गेलाय.